तिसऱ्या कपातलं कालवण

तिसऱ्या कपात आई निघाली.

पहिल्या दोन कपांत विशेष काही नव्हतं. त्यांचे गुण मांडून, कोमट पाण्यानं चूळ भरून, बिनमिठाच्या बिस्किटाचा तुकडा चावून तिनं झडपेतून आत सरकलेला तिसरा कप उचलला. वर आकडा होता, चारशे सतरा. चमचा जिभेला लागला आणि हात तिथंच थांबला. मसुराचं कालवण. आधी मसूर, मग कांदा, आणि मग मागून हळूच येणारी ती करपट कड. कडू म्हणावी तर कडू नाही, धुरकट म्हणावी तर धुरकट नाही. तिनं दुसरा चमचा घेतला. तो घ्यायचा नसतो. एका नमुन्याला एकच चमचा, हा नियम नव्या लोकांना तीच शिकवायची. खोली कपाटाएवढी, तीन बाजूंनी फळ्या, समोर झडप, वर लाल दिवा. दिवा लाल एवढ्यासाठी, की पदार्थाचा रंग कळू नये आणि डोळ्यांनी जिभेकडे चुगली करू नये. त्या उजेडात सगळी कालवणं सारखीच काळी दिसतात. पण हे कालवण बघायची तिला गरजच नव्हती. शाळेची दहा वर्षं ती हे खात आली होती. शाळा सुटली की ती खालून हाक मारायची, दप्तर जड, जिने चार, आणि आई कांदा परतता परतता तशीच खाली धावत यायची. दप्तर आई घ्यायची, ती मोकळी वर यायची, आणि तोवर कांद्यानं आपलं काम केलेलं असायचं. रोज आई म्हणायची, "बघ, पुन्हा लागलं." रोज दोघी तेच खायच्या. पुढं पुढं करपलं नाही तर तिला चुकल्यासारखं वाटायचं.

आणि ते आता इथं, प्लास्टिकच्या कपात, आकडा लावून! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती गेली, आणि तरीही सोळा वर्षांची खोड अशी, की त्या आगीतसुद्धा तिनं तोंडातला घास शिस्तीत शेजारच्या झाकणाच्या डब्यात थुंकला आणि चूळ भरली. इथं गिळत नाहीत. दिवसाला तीस-तीस नमुने गिळले तर माणूस आठवड्यात आडवा होईल. जिभेवर घ्यायचं, फिरवायचं, नाव द्यायचं, नऊपैकी गुण द्यायचे आणि थुंकायचं. तयार जेवणाची पाकिटं बनवणाऱ्या या कंपनीत ती सगळ्यांत जुनी चाखणारी होती. माघारी तिला 'मोठी जीभ' म्हणायचे, पुढं पुढं तोंडावरही म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. जिभेला हाड नसतं म्हणतात. तिच्या जिभेला मात्र खुर्ची होती, टेबल होतं, आणि एक अधिकार होता. तिनं 'दोष' या रकान्यात एक शब्द लिहिला की नमुना तिथंच बंद. वर कुणी विचारायचं नाही.

हे इथवर आलं कसं, ते कळायला तिला वेळ लागला नाही. गेलं वर्षभर कंपनीत एक मोहीम चालू होती. बाजारपेठ बघणारा तो तरतरीत साहेब, ज्याला ती मनातल्या मनात 'नकाशेवाला' म्हणायची, त्यानं भिंतीवर जगाचा नकाशा लावून सगळ्यांना समजावलं होतं. सगळ्या देशांत तेच चाललंय म्हणे. जे शिजायला दोन तास लागतात ते खायला सात मिनिटं, हे गणित लोकांना आता पटत नाही. जिथं मातीच्या भांड्यात आंबवायचे तिथं आता डबा उघडतात. जिथं सगळं घर एका ताटाभोवती बसायचं तिथं जो तो आपापला पुडा घेऊन आपापल्या खोलीत जातो. "चुली विझतायत," असं तो म्हणाला, आणि लग्नाचं बोलावणं द्यावं तशा चेहऱ्यानं म्हणाला. "पण चव कुणालाच सोडायची नाहीये. म्हणजे म्हाताऱ्या जायच्या आत चव उचलायला हवी." उचलायला! जणू रस्त्यात पडलेला रुमाल. मग देशोदेशी वह्या घेतलेल्या मुली धाडल्या. त्यांनी म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेतलं, चित्रं काढली, मुठीनं घातलेलं चमच्यानं मोजलं. एका थंड किनाऱ्यावरची कोळीण, तिचा माशांचा रस्सा. डोंगरातल्या कुणा आजीची सातूची पेज. कुणाची आंबट भाकर, कुणाचं रात्रभर राखेत ठेवलेलं मटण. चौदा म्हाताऱ्या वर्षभरात या झडपेतून एकेक करून आत सरकल्या होत्या, आणि हिनं त्यांना चाखून, थुंकून, कुणाला सात, कुणाला आठ देऊन पास केलं होतं. कोळणीला तर तिनं साडेआठ दिले होते आणि वर शेरा मारला होता, 'अस्सल.' तेव्हा हिला काही टोचलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! हे तिच्या मनात येऊन गेलं, पण तिनं ते लोटून दिलं. राग आलेला असताना माणसाला स्वतःचा हिशेब नको असतो.

आणि पत्ता तिनंच दिला होता. हेच सगळ्यांत जास्त झोंबलं. ती गोड बोलणारी मुलगी, वहीवाली, गरम पाणी घ्यायला म्हणून शेजारी उभी राहिली होती एकदा. "मॅडम, तुमची ही जीभ कुठून आली हो? आई सुगरण असणार." आणि ही बया फुगली की लगेच! आई एकटीच असते, अमुक रस्त्याला, चौथ्या मजल्यावर, तिच्या हातचं मसुराचं कालवण म्हणजे काय सांगू. सांगितलं की सगळं. केसानं गळा कापला मेलीनं. तिनं पेन्सिल उचलली. 'दोष' या रकान्यात लिहिलं, करपट. शेवटच्या रकान्यात लिहिलं, नापास. इतकं दाबून लिहिलं की टोक मोडलं. घ्या म्हणावं आता. माझी आई पाकिटात भरायला निघालात काय!

दुपारी नकाशेवाला स्वतः तिच्या टेबलाशी आला. हातात तो कागद. "मॅडम, करपट हा दोष कसा? तोच तर त्याचा जीव आहे! आमच्या लोकांना तो साधायला चार महिने लागले." ती म्हणाली, "कसा साधला?" तो खुशीत आला. "बाटली आहे ना. लाकडाच्या धुराचा अर्क. एका घाण्याला दोन थेंब." दोन थेंब! चार जिने उतरून चार जिने चढायचे दोन थेंब. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं, पण पोटात एक आणि ओठांत एक ठेवायची सवय नोकरीत लागतेच. "मला जे लागलं ते मी लिहिलं," ती म्हणाली. तो म्हणाला, "आमचं दोनशे लोकांवर बघून झालंय. डोळ्यांत पाणी आलं लोकांच्या. फक्त तुमची सही राहिलीय. उद्या सकाळपर्यंत विचार करा. आजवर तुमचं कधी चुकलं नाही, म्हणून विचारायला आलो." त्याला माहीत नव्हतं. वहीवालीनं बहुतेक त्याला सांगितलंच नव्हतं, की ही म्हातारी कुणाची कोण. की माहीत असून साळसूदपणे उभा होता? तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं गुळगुळीत दाढीशिवाय काही नव्हतं.

संध्याकाळी ती घरी न जाता आईकडे निघाली. घरी तरी कोण वाट बघत होतं? घरी फ्रिज होता, आणि फ्रिजमध्ये तीन फळ्या होत्या. एक नवऱ्याची, त्यावर उकडलेलं कोंबडं आणि कसली तरी भुकटी. एक मुलीची, त्यावर झाकणं लावलेले रंगीत डबे, ज्यांना ती जेवण म्हणते. आणि मधली तिची, पांढरी. साधा भात, उकडलेला बटाटा, दही. कामाच्या आदल्या संध्याकाळपासून कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, चहा नाही, अत्तर नाही. जीभ कोरी पाहिजे. तिघं तीन वेळी येतात, आपापली फळी रिकामी करतात आणि भांडी विसळून ठेवतात. भांडण नाही, तंटा नाही. पाहुण्यांना ती कौतुकानं सांगायची, आमच्याकडे जेवणावरून कधी वाद होत नाही. होईल कसा? वाद व्हायला एकत्र बसावं लागतं. बसच्या खिडकीतून दुकानांचे दिवे मागं पळत होते आणि तिला आठवत होतं, नोकरी लागली त्या पहिल्या महिन्यात ती आईकडे गेली तेव्हा आईनं कालवण केलं होतं. तिनं नाक मुरडून नव्हे, अगदी समजावून सांगितलं होतं, "आई, आता मला हे चालत नाही. माझी जीभ म्हणजे माझं हत्यार." आईनं मान हलवली होती. तेव्हापासून ती यायची त्या दिवशी आई फोडणी करायचीच नाही. सकाळीच खिडक्या उघडून ठेवायची, वास राहू नये म्हणून, आणि तिच्यापुढं उकडलेला बटाटा ठेवायची. एकदाही कुरकुर केली नाही. आणि अशा बाईला फसवलं त्या पोरीनं! आता जाऊन आईलाही चार शब्द सुनवायचे, असं तिनं जिना चढता चढता ठरवलं. कुणीही दारात यावं आणि हिनं घरातलं सगळं काढून हातावर ठेवावं? एवढं भोळं असून कसं चालेल?

आईनं दार उघडलं ते वाट बघत असल्यासारखं. आत खिडक्या बंद होत्या. फोडणीचा वास तिच्या नाकात गच्च बसला.

"आज होतं ना ते?" आई म्हणाली. "मंगळवार म्हणाली होती ती. आलं का तुझ्याकडे?"

ती उंबऱ्यातच थांबली. "तुला माहीत होतं?"

"आता गं बाई! मला नाही माहीत तर कुणाला? तीन दिवस इथं बसली होती पोरगी. आत तरी ये. आलं का ते सांग आधी."

"आलं," ती म्हणाली. "आई, अगं त्यांनी तुझं कालवण पाकिटात घातलं. तुला कळतंय का? दुकानात विकतील. वर कुठल्यातरी हसऱ्या म्हातारीचं चित्र छापतील. तुला पुसणारसुद्धा नाही कुणी."

"ते जाऊ दे गं. तू खाल्लंस ना?"

"म्हणजे?"

आई खुर्चीत बसली. अंगावरची शाल तिनं उगाचच सारखी केली, आणि लहान मुलं केलेली लबाडी सांगतात तशी सांगू लागली. "ती पहिल्यांदा आली ना, तेव्हा मी तिला दारातूनच घालवत होते. म्हटलं, माझ्या घरचं मी कुणाला कशाला देऊ? चल, वाट धर. मग बोलता बोलता म्हणाली, आजी, सगळं झालं तरी शेवटचा शब्द तुमच्या मुलीचा असतो, त्यांनी खाल्ल्याशिवाय काहीच पुढं जात नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, घरी ही खात नाही. तिकडं तर खावंच लागेल! नोकरीच आहे तिची. म्हटलं, दे, यांच्या हातून का होईना, माझ्या हातचं तिच्या पोटात जाईल." आई हसली. "कशी जिरवली?"

तिला बसायला हवं होतं, पण ती उभीच राहिली.

"आणि पोरगी गुणाची हो," आई सांगत होती. "तीन दिवस मागून मागून जेवली. बोटं चाटली तिनं. या घरात बोटं चाटताना मी कुणाला किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तर, कसं लागलं? ओळखलंस का? का वेड्यासारखं खाऊन टाकलंस?"

"आई," ती म्हणाली, "आम्ही गिळत नाही."

"काय?"

"गिळत नाही आम्ही. जिभेवर घेतो आणि थुंकतो. डबा असतो त्याला."

आईचं हसू ओसरायला वेळ लागला. "थुंकता? अन्न?"

"तीस-तीस नमुने असतात गं दिवसाला..."

"सोळा वर्षं थुंकतेस?" आईचा आवाज चढला. "आणि मला वाटायचं, ही दिवसभर तिकडं पोटभर खाते, म्हणून इथं नको म्हणते! देशोदेशीचं गोडधोड खाते, हिला माझ्या मसुराचं काय मेलीला! मी मनाची समजूत घालून बसले, की पोरगी निदान भरल्या पोटानं येते. उपाशी येत होतीस होय तू? आणि मी तुझ्यापुढं बटाटा ठेवत होते, उकडलेला, आजाऱ्यापुढं ठेवावा तसा!"

"मला भूक नसायची, आई."

"कशी असेल? भुकेला तरी काही लाज असते." आई उठून उभी राहिली. "मग माझंही थुंकलंस."

"हो."

"आणि वर लिहिलंस काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभर खरं लिहायचा पगार घेणाऱ्या बाईला ऐनवेळी खोटं सुचलं नाही. "नापास केलं. रागानं केलं. ते चोरतायत असं वाटलं मला. त्यांना मिळू नये म्हणून केलं."

"काय खोट काढलीस?"

"करपट."

आईनं तिच्याकडं पाहिलं. "ते लिहिलंस?" एवढंच म्हणाली. मग एकदम उसळली. "आणि चोरतायत काय म्हणतेस? चोराच्या उलट्या बोंबा! चोरलं कुणी? माझं होतं, मी दिलं. तुला सोळा वर्षं देतच होते की. तू घेतलं नाहीस. दारात परकी पोर आली, तिनं घेतलं. आता कुणाच्या नावानं बोटं मोडतेस?"

सबंध दिवस जो राग तिनं नकाशेवाल्यावर, वहीवालीवर, दोन थेंबांच्या त्या बाटलीवर पोसला होता, तो तिथल्या तिथं उभ्या उभ्या परत फिरला आणि तिच्याच अंगावर आला. ती खाली बसली. "उद्या सकाळपर्यंत बदलता येईल," ती म्हणाली. "पास लिहू का?"

"लिही नाहीतर नको लिहू. मला काय करायचंय त्यांच्या पाकिटाचं? मला तुझ्या पोटाशी काम होतं." आई आत गेली. भांड्याचा आवाज आला, आणि ताट घेऊन ती बाहेर आली. भात, वर कालवण, कडेला काहीच नाही. तिनं ते टेबलावर आदळलं. "खा."

तिनं हात धुतले. घास कालवला, तोंडात घातला. मसूर आला, कांदा आला, आणि मागून ती कड येऊ लागली तशी तिच्या डोक्यात कंपनीतली ती झडप उघडली. मीठ मध्यम, कांदा जरा जास्त शिजलेला, करपट ठरलेल्या खुणेपेक्षा एक पायरी वर, मसूर जुने. सगळे शब्द रांगेनं येऊन उभे राहिले. चव कुठं होती? शब्दच होते नुसते. तिनं त्यांना दटावलं, पण ते हलेनात.

"कसं आहे?" आई म्हणाली.

"सहा," ती म्हणाली.

म्हणून गेली, आणि मग तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

"काय सहा?"

"गुण." आता लपवायचं तरी काय. "नऊपैकी."

आईनं पुढं वाकून ताट ओढून घेतलं. "ऊठ."

"आई, तोंडातून गेलं गं..."

"ऊठ म्हणते ना! माझ्या घरात जेवायला बसतात. तपासायला नाही. तपासनिसांसाठी मी चूल पेटवत नाही." ताट छातीशी धरून आई उभी होती. ताट कललं होतं आणि कालवणाचा ओघळ शालीवर आला होता, पण तिचं लक्ष नव्हतं. आणि इकडं हिला असा काही संताप आला की बस! नकाशेवाल्याचा नव्हे, आईचाही नव्हे. तोंडात बसलेल्या त्या मांसाच्या तुकड्याचा, जो तिनं कोरा ठेवला, जपला, मिरवला, आणि जो आता घरच्या टेबलाशी बसून कंपनीचं काम करत होता. घास अजून तोंडात होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा गुण दिलेला घास तिनं गिळला. खाली जाताना कळला. आणि तो गेला तिथं, पोटाच्या तळाशी, काहीतरी कुरतडू लागलं. करपटाला चाळीस नावं ठाऊक असलेल्या बाईला त्याचं नाव आठवायला वेळ लागला.

"ताट दे," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

"काय म्हणालीस?"

"भूक लागलीय! बहिरी झालीस का? दे ते ताट इकडं!" हे ती ओरडलीच. शाळेत असताना ओरडायची तशी.

आईनं ताट खाली ठेवलं, पण हात काढला नाही. "तोंडातून एक जरी आकडा निघाला ना, तर याद राख."

मग ती जेवली. कोपरापर्यंत ओघळ आले. शब्द मध्ये मध्ये येत होते, मीठ, कांदा, पायरी. ती त्यांच्यावरून पुढचा घास ढकलत होती. चव लागत होती की नाही, तिला सांगता आलं नसतं. पोटाला मात्र कळत होतं. दोनदा मागून घेतलं. आईनं दोनदा वाढलं, न बोलता, अजून घुश्शातच. तिसऱ्यांदा तिनं ताट पुढं केलं तेव्हा आतून पळीनं भांडं खरवडल्याचा आवाज आला.

"संपलं," आई म्हणाली. "मी एकटीपुरतंच करते गं."

तिचा हात ताटात तसाच राहिला. "मग तू काय जेवणार?"

"मला काय लागतं? ती मुलगी नमुन्याची चार पाकिटं ठेवून गेलीय. गरम पाणी ओतलं की झालं म्हणे. बघू तरी, माझ्यासारखं जमलंय का त्यांना." आईनं फडताळातून एक पाकीट काढलंही होतं, आणि चष्मा कपाळावर चढवून ती कात्री शोधत होती.

ती खरकट्या हातानं उठली आणि आत गेली. "ठेव ते," ती म्हणाली. "ठेव म्हणते ना! मसूर कुठल्या डब्यात असतात?"

"तुला येतं?"

"नाही."

आईनं कात्री शोधणं थांबवलं. "खालच्या," ती म्हणाली, "डावीकडच्या." आणि पाकीट हातातून न सोडता ती खुर्चीत जाऊन बसली.